मध्य प्रदेश मोठा की महाराष्ट्र? : देशाच्या आणि राज्याच्या नकाशासाठी प्रक्षेपण कोणते?

शाईचा_डाग

मंडळी, एका दिवाळी अंकात भरडधान्यांवर मोठा लेख येतोय, त्याची मांडणी माझ्याकडे आहे. नकाशे बरेच आहेत. एक अख्ख्या भारताचा, एक महाराष्ट्राचा, आणि कोकण, मराठवाडा, विदर्भ असे विभागांचे छोटे. ज्वारी-बाजरी-नाचणीचे क्षेत्र जिल्हावार रंगछटांनी दाखवायचे. क्यूजीआयएस (नकाशे काढायचे सॉफ्टवेअर) कामापुरते येते, शेपफाइली (सीमांच्या आकड्यांच्या फाइली) हाताशी आहेत, रंगही ठरलेत. घोडं अडलंय प्रक्षेपणावर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर कुठल्या रीतीने उतरवायची त्यावर.

भारताचे तीन नमुने काढले. पहिला साध्या अक्षांश-रेखांशांचा (४३२६; हे आकडे ईपीएसजी या यादीतले क्रमांक), म्हणजे फाइल उघडली आणि तशीच छापली. दुसरा वेब मर्केटर (३८५७). तिसरा ईपीएसजी ७७५५, प्रक्षेपणांच्या यादीत 'इंडिया' शोधल्यावर सापडला. तिन्हींत देश वेगळा दिसतो! पहिल्यात जरा रुंद आणि बसका, दुसऱ्यात लडाख भलताच ऐसपैस, तिसऱ्यात अरुणाचल प्रदेश वर उचलल्यासारखा. संपादक म्हणतात, "शाळेच्या पुस्तकातल्यासारखा दिसू दे." लेखिका म्हणतात, "दिसायचं काहीही असो, क्षेत्रांची तुलना बरोबर हवी."

कोणाचं ऐकू? आणि देशाला एक, राज्याला दुसरे असे प्रक्षेपण बदललेले चालते का?

कोडकोंबडा

३८५७ ठेवा आणि झोपा. सगळं जग फोनवर तोच नकाशा बघतं, वाचकांचे डोळे त्यालाच सरावलेत. ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते ही ओरड ठीक आहे, पण भारत काही ध्रुवाजवळ नाही. आपल्या अक्षांशांना मर्केटरची विकृती किरकोळ.

भूगोलाच्या_बाई

@कोडकोंबडा, किरकोळ म्हणजे किती ते मोजूनच पाहू.

मर्केटरमध्ये कुठल्याही अक्षांशावर लांबी किती पटीने फुगते, तर एक भागिले त्या अक्षांशाचा कोसाइन. क्षेत्रफळ त्याच्या वर्गाने. कन्याकुमारीला, म्हणजे ८ अंशांवर, क्षेत्रफळ २ टक्के जास्त. मुंबईला १९ अंशांवर १२ टक्के. लेहला ३४ अंशांवर ४६ टक्के! एकाच देशाच्या नकाशात एका टोकाला २ आणि दुसऱ्या टोकाला ४६, याला किरकोळ कसं म्हणायचं?

लडाखमध्ये ज्वारी पिकत नाही म्हणून सोडून देऊ. पण मध्य प्रदेश ३,०८,२५२ चौरस किलोमीटर आणि महाराष्ट्र ३,०७,७१३. फरक साडेपाचशे चौरस किलोमीटरचा, म्हणजे ०.२ टक्क्याहूनही कमी. कागदावर ही दोन राज्ये सारखीच दिसायला हवीत. मर्केटरमध्ये मध्य प्रदेश महाराष्ट्रापेक्षा सुमारे ६ टक्के मोठा दिसतो, कारण तो उत्तरेला आहे. बाकी काही कारण नाही. साध्या अंशांच्या नकाशातही तो ३ टक्के मोठा. रंगछटांच्या नकाशात डोळा रंगाबरोबर रंगाचा आकारही वाचतो. उत्तरेकडच्या राज्याला ही फुकटची जागा का द्यायची?

शाईचा_डाग

बाई, हेच हवं होतं. मग ७७५५ वर शिक्का मारू का? भारताचेच अधिकृत आहे ना ते?

भूगोलाच्या_बाई

थांबा, त्यात आणखी मोठी गंमत आहे. ७७५५ म्हणजे लँबर्टचे अनुरूप शंकू प्रक्षेपण. मध्य रेखावृत्त ८० अंश पूर्व, आरंभ २४ अंश उत्तर, दोन प्रमाण अक्षवृत्ते साधारण १२.४७ आणि ३५.१७ अंशांवर. पृथ्वीच्या गोलावर भेळेचा कागदी पुडा उपडा घातला, तो या दोन अक्षवृत्तांवर गोलात रुतला असं समजा. त्या दोन रेघांवर माप बरोबर. दोघींच्या मधे सगळं थोडं आक्रसलेलं, बाहेर थोडं फुगलेलं.

आता आकडे. २४ अंशांवर लांबी २ टक्के कमी भरते. १९ अंशांवर १.६ टक्के कमी. ८ अंशांवर १.८ टक्के जास्त. म्हणजे मध्य प्रदेश जवळजवळ पूर्ण त्या सर्वात आक्रसलेल्या पट्ट्यात आणि महाराष्ट्राचा दक्षिण भाग त्यातून बाहेर सरकलेला. क्षेत्रफळात मध्य प्रदेश ३.८ टक्के घटतो, महाराष्ट्र ३.१ टक्क्यांच्या आसपास. खरा फरक ०.२ सुद्धा नाही, त्यामुळे क्रमच उलटा होतो: ७७५५ मध्ये सपाट क्षेत्रफळ मोजलं तर महाराष्ट्र मोठा!

मर्केटरमध्ये मध्य प्रदेश मोठा, लँबर्टमध्ये महाराष्ट्र मोठा. दोन्ही नकाशे त्यांच्या त्यांच्या नियमाने बरोबरच आहेत.

अरबट_चरबट

म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी हे ७७५५ असतं तर बरं झालं असतं 😄

वाखूसा (वाचनखूण साठवली). पुढचं वाचतोय.

त्रिकोणमिती

निवृत्त माणूस आहे, नकाशांतच नोकरी गेली, म्हणून चार शब्द.

अनुरूप म्हणजे कोन जपणारे. छोट्या तुकड्याचा आकार बिघडत नाही, दिशा ताडता येते. सैन्याला, विमानांना, सर्वेक्षणाला तेच लागते. म्हणून आपल्याकडे लँबर्ट काही आज आलेला नाही. ब्रिटिशांच्या काळापासून देशाचे पट्टे पाडून प्रत्येकाला वेगळा लँबर्ट ग्रिड होता, अंतरे यार्डांत. महाराष्ट्राचा बहुतेक भाग तीन-अ पट्ट्यात, त्याचा आरंभबिंदू १९ उत्तर, ८० पूर्व. तिथले प्रमाण मुद्दाम ०.९९८७८ धरलेले, म्हणजे मध्यावर किलोमीटरला सव्वा मीटर कमी. सबंध पट्ट्यात चूक वाटून घ्यायची ती युक्ती.

जुन्या स्थलदर्शक नकाशांची तऱ्हा आणखी निराळी. ते बहुशंकू प्रक्षेपणावर, एव्हरेस्टच्या १८३० च्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या तेव्हा मानलेल्या किंचित चपट्या आकारावर. प्रत्येक अक्षवृत्ताला स्वतःचा शंकू आणि प्रत्येक शीटला स्वतःचे मध्य रेखावृत्त. हे ना समक्षेत्र (क्षेत्रफळ जपणारे), ना अनुरूप. पण १५ मिनिटांच्या चौकटीत, जसे पुण्याचे ४७ एफ/१४, चूक इतकी बारीक की कागद दमट झाला तर त्यापेक्षा जास्त ताणतो. शेजारच्या दोन शीट एका कडेने चोख जुळतात. चार शीट एकत्र मांडायला घेतल्या की कोपऱ्यात फट राहते. भिंतीवर मोठा नकाशा चिकटवणारा नवा शिपाई हमखास चक्रावायचा.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर दोन मालिका झाल्या, एक संरक्षणासाठी आणि एक सर्वांसाठी खुली. खुली मालिका डब्ल्यूजीएस ८४ या नव्या लंबगोलावर, यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडणाऱ्या प्रक्षेपणात. तेव्हा जुनी शीट स्कॅन करून बसवणार असाल तर लंबगोल बदलल्याचे ध्यान ठेवा, नाहीतर विहीर शेजाऱ्याच्या शेतात जाते.

तात्पर्य काही नाही. शाईचा_डाग यांनी विचारले ते एवढेच की रंगाचा नकाशा कशावर काढावा. त्याला समक्षेत्र घ्यावे. आल्बर्सचे शंकू प्रक्षेपण.

शाईचा_डाग

काका, आभार. आल्बर्सला भारतासाठी तयार क्रमांक आहे का? यादीत ऑस्ट्रेलिया सापडला, अमेरिका सापडली, आपला नाही सापडला.

ऱ्हाइनकाठचा

क्रमांक कशाला शोधता, स्वतःचे बनवा. क्यूजीआयएसच्या सेटिंगमध्ये कस्टम प्रोजेक्शन आहे. आल्बर्सला चारच गोष्टी लागतात: दोन प्रमाण अक्षवृत्ते, एक मध्य रेखावृत्त, एक आरंभ अक्षांश. शेवटच्याने नुसते शून्य सरकते, चित्र बदलत नाही.

प्रमाण अक्षवृत्तांसाठी जुना ढोबळ नियम षष्ठांशाचा. प्रदेशाच्या उत्तर-दक्षिण पसाऱ्याचे सहा भाग करा, वरून एक भाग सोडून एक रेघ, खालून एक भाग सोडून दुसरी. भारत इंदिरा पॉइंट धरून ६°४५' ते ३७°०६', म्हणजे ३० अंशांवर थोडे. षष्ठांश ५ अंश. रेघा १२ आणि ३२ वर. आकाराची विकृती दीड-दोन टक्क्यांच्या आत राहते, ती डोळ्याला दिसत नाही. क्षेत्रफळ मात्र सगळीकडे चोख.

इथे युरोपात दोन्ही सरळ वेगळे ठेवलेत. सांख्यिकीच्या नकाशांना लँबर्टचेच समक्षेत्र खमध्य प्रक्षेपण, केंद्र ५२ उत्तर, १० पूर्व, ईपीएसजी ३०३५. लहान प्रमाणाच्या ज्या नकाशांना कोन जपायचे त्यांना लँबर्टचे शंकू. लँबर्टने ही दोन्ही १७७२ च्या एकाच ग्रंथात मांडली, आणि आडवे मर्केटरही (विषुववृत्ताऐवजी एका रेखावृत्ताला टेकवलेले) त्यातच! ज्याच्यावर आज सबंध यूटीएम उभे आहे. एका माणसाने एका वर्षात अर्ध्या जगाच्या नकाशाखात्यांची सोय करून ठेवली. आल्बर्स आले १८०५ ला.

कोडकोंबडा

सगळं मान्य, पण अंक वेबवरही येणार असेल तर? वेब म्हणजे टाइल्स (नकाशाचे तयार चौकोनी तुकडे), टाइल्स म्हणजे ३८५७.

ऱ्हाइनकाठचा

टाइल्स कुणाला हव्यात? जिल्ह्यांचे छत्तीस बहुभुज आणि रंग, मागे रस्ते नाहीत, उपग्रहचित्र नाही. डी३ मध्ये (वेबवर आलेख-नकाशे काढायचे साधन) समक्षेत्र शंकू आयताच आहे, रेखावृत्त फिरवा, दोन अक्षवृत्ते द्या, झाले. मर्केटरचे खरे काम रस्त्यांच्या नकाशाला. कितीही जवळ गेलात तरी चौक काटकोनात राहतो आणि उत्तर कायम वर. तिथे त्याला तोड नाही. जिल्ह्यांच्या रंगांना त्याची गरज काय?

कोडकोंबडा

हम्म. एसव्हीजीने (रेघांच्या वेबचित्राने) होईल. फाइलही हलकी राहील.

वऱ्हाडी_ठेचा

मी म्हणतो एवढी डोकेफोड कायले? यूटीएम घ्या ना. सगळे सर्वेवाले तेच घेतात.

दुर्बीण

भाऊ, तुमच्याच वऱ्हाडात गोची आहे. यूटीएमचे पट्टे ६ अंशांचे. ४३ वा पट्टा ७२ ते ७८, ४४ वा ७८ ते ८४. आणि ७८ अंशांची रेघ महाराष्ट्रातून जाते! अमरावती शहर ४३ मध्ये, यवतमाळ शहर ४४ मध्ये. वरूड तालुका पलीकडे, म्हणजे अमरावती जिल्ह्याचेच दोन तुकडे. यवतमाळ जिल्ह्याचे तेच, नांदेडचे किनवट पलीकडे. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये.

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे आमच्या वरुडाची संत्री एका पट्ट्यात आन् अमरावतीचा बाजार दुसऱ्यात. पाय बाप्पा, इथंबी अन्याय.

दुर्बीण

😄 कुणी म्हणेल सगळा महाराष्ट्र ४३ मध्येच ओढून न्या. नेता येतो, सॉफ्टवेअर अडवत नाही. पण गडचिरोलीच्या पूर्व टोकाला मध्य रेखावृत्तापासून जवळजवळ सहा अंश लांब जाता. तिथे किलोमीटरला चार मीटरहून जास्त लांबी वाढते, क्षेत्रफळ पाऊण टक्क्याहून जास्त. छापील नकाशात ते दिसणार नाही. पण कुणी त्याच फाइलवरून तलावाचे क्षेत्र काढून अहवालात टाकले की पुढे कटकट.

आणि यूटीएम म्हणजे जमिनीवरचे अंतर असा समज आमच्या नव्या पोरांतही असतो. पुण्याचे उदाहरण घ्या. ४३ व्या पट्ट्याचे मध्य रेखावृत्त ७५, तिथे प्रमाण ०.९९९६. पुण्याला ते ०.९९९७८ च्या जवळ, म्हणजे किलोमीटरला २२ सेंमी कमी. वर शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, त्याचे आणखी ८ सेंमी. टोटल स्टेशनने (सर्वेक्षणाच्या मोजणीयंत्राने) जमिनीवर मोजलेला एक किलोमीटर ग्रिडवर सुमारे ३० सेंमी कमी भरतो. शेताच्या बांधाला चालेल. पुलाच्या दोन टोकांकडून काम सुरू असेल तर नाही चालणार. अशा कामाला जागेपुरते आडवे मर्केटर बसवतात, प्रमाण त्या उंचीला जुळवून.

मुंबईत मात्र यूटीएम मस्त बसतो, किलोमीटरला २० सेंमी जास्त. पूर्ण कोकणपट्टी उभी, अरुंद, एकाच पट्ट्यात. आडव्या मर्केटरसाठी याहून चांगला आकार कुठला?

मांडवी_तीर

आणि गोंय?

दुर्बीण

४३ उत्तर. ७३°४० ते ७४°२०, ३७०२ चौरस किलोमीटर, किलोमीटरला पाव मीटर फरक. गोव्याला यापलीकडे विचारच करायला नको. भाग्यवान आहात.

त्रिकोणमिती

दुर्बीण यांनी आकाराचा मुद्दा काढला, तोच मुळाशी आहे. प्रदेश पूर्व-पश्चिम पसरलेला असेल तर शंकू, उत्तर-दक्षिण उभा असेल तर आडवे मर्केटर, तिरका असेल तर तिरके मर्केटर. अमेरिकेच्या राज्यांत हे अगदी पुस्तकी पद्धतीने केले आहे: टेनेसी आडवे म्हणून लँबर्ट, इलिनॉय उभे म्हणून आडवे मर्केटर, अलास्काची दक्षिणेकडची शेपटी तिरकी म्हणून तिथे तिरके. स्वित्झर्लंड तर बर्नमधून तिरका दंडगोल घेऊन बसला आहे. फ्रान्सने सबंध देशाला एक लँबर्ट दिला, ४४ आणि ४९ अंशांवर. उत्तर-दक्षिण टोकांना किलोमीटरला दोन-तीन मीटर चुकू लागले, मग बारीक कामासाठी नऊ आडवे पट्टे वेगळे काढले. ब्रिटन उभे, म्हणून एकच आडवे मर्केटर, २ अंश पश्चिमेवर.

महाराष्ट्र कसा? ८०० किलोमीटर आडवा, ७०० च्या आसपास उभा, आणि पूर्वेकडे जीभ निघालेली. शंकू बरा.

मीनाक्षी_शोधतेय

मधेच विचारते, माफ करा. माझा महाराष्ट्र आफ्रिकेच्या पोटाशी समुद्रात जाऊन बसलाय, घानाच्या खाली. एवढासा ठिपका. काय झालं असेल?

ऱ्हाइनकाठचा

हा रोजचा प्रश्न आहे. फाइलीत आकडे अंशांचे, उदाहरणार्थ ७५ आणि १९. तिला ३८५७ हे नाव चिकटवले गेले. सॉफ्टवेअर ते ७५ मीटर आणि १९ मीटर समजले. शून्य अक्षांश, शून्य रेखांशापासून ७५ मीटरवर घानाच्या दक्षिणेचा समुद्रच आहे.

सीआरएस म्हणजे फाइलीतले आकडे कुठल्या पद्धतीचे ते. 'सेट सीआरएस' म्हणजे फाइलीला खरे नाव सांगणे. 'रीप्रोजेक्ट' म्हणजे आकडे खरोखर बदलणे. आधी थराला ४३२६ हे खरे नाव द्या, मग रीप्रोजेक्ट करून नवी फाइल जतन करा. किंवा फाइल तशीच राहू द्या आणि फक्त प्रोजेक्टचे सीआरएस बदला, पडद्यावर आपोआप वळेल.

पण बफर (कडेने ठरावीक रुंदीचा पट्टा काढणे), छेद, क्षेत्रफळ अशी कामे थराच्या मूळ आकड्यांवर होतात, पडद्यावरच्या नाही. ३८५७ मध्ये मुंबईच्या किनाऱ्याला ५०० मीटरचा पट्टा काढला तर जमिनीवर तो ४७३ मीटरच असतो. सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) रेघ अशी काढली तर २७ मीटरचा तुकडा सुटला.

दुर्बीण

आणि क्षेत्रफळ काढताना $ चिन्हाचे 'एरिया' घ्या, ते प्रोजेक्टच्या लंबगोलावर मोजते, फक्त सेटिंगमध्ये लंबगोल निवडलेला हवा. कंसात भूमिती घालून लिहिलेले 'एरिया' कागदावर मोजते, म्हणजे बाईंची मध्य प्रदेशवाली गंमत तिथे अनुभवता येईल. शेजारी-शेजारी दोन रकाने करून पाहा.

मीनाक्षी_शोधतेय

आलं घरी परत! दोन्ही रकाने पण केले. ३८५७ मधल्या फाइलवर खरंच ११-१२ टक्के जास्त येतंय. थँक्यू.

शाईचा_डाग

आता महाराष्ट्राच्या नकाशाकडे येतो. देशासाठी आल्बर्स १२/३२, मध्य रेखावृत्त ८० घेतलं. त्याच फाइलमधून महाराष्ट्र कापून मोठा केला तर राज्य उजवीकडे कलंडल्यासारखं दिसतं. कोकण किनारा तर चांगलाच झुकलाय. भास आहे का?

भूगोलाच्या_बाई

भास नाही. शंकूत रेखावृत्ते वर एकत्र येत जातात, उभी सरळ फक्त मधली. मुंबई ७२.९ वर, तुमच्या मध्यापासून ७ अंश पश्चिमेला, म्हणून तिथली उत्तर अडीच अंशांहून जास्त उजवीकडे कलते. ७७५५ मध्ये तर जवळजवळ ३ अंश. अरुणाचल वर उचललेला दिसतो त्याचेही हेच कारण, तिथे उत्तर ६-७ अंश डावीकडे झुकते. म्हणून देशाच्या शंकू नकाशावर कोपऱ्यात एकच उत्तरबाण काढू नये. रेखावृत्तांच्या फिकट रेघा द्या, त्या खरं सांगतात.

राज्यासाठी मध्य रेखावृत्त राज्याच्या मधे आणा. ७२.६ ते ८०.९, मध्य ७६°४५'. षष्ठांशाने प्रमाण अक्षवृत्ते १६°४०' आणि २१°. आता मुंबईचा कल सव्वा अंशाच्या आसपास, गडचिरोलीचा उलट्या बाजूने तेवढाच. डोळ्याला समतोल वाटतो.

ऱ्हाइनकाठचा

बाईंच्या आकड्यांवर एक भर. राज्याच्या पातळीवर आल्बर्स घ्या की लँबर्ट, लांबीत किलोमीटरला मीटरभराचा फरक. ३० सेंमी रुंद नकाशावर ०.३ मिलिमीटर, म्हणजे सीमारेषेच्या शाईत बुडाला. देशाच्या नकाशात प्रक्षेपणाचे कूळ महत्त्वाचे, राज्याच्या नकाशात मध्य रेखावृत्त कुठे ठेवले ते. माझा अनुभव असा की लोक पहिल्यावर तासन् तास भांडतात आणि दुसरे सॉफ्टवेअरने दिले तसे ठेवतात.

शाईचा_डाग

विभागांच्या छोट्या नकाशांनाही वेगवेगळे मध्य द्यायचे का? कोकणाला ७३.५, विदर्भाला ७८.५?

त्रिकोणमिती

एकेकटे छापायचे असते तर हो म्हटले असते. एकाच अंकात, एकाच लेखात, एकाच पानावर शेजारी येणार असतील तर राज्याचेच प्रक्षेपण सर्वांना ठेवा. वाचक नगर जिल्ह्याची कड मोठ्या नकाशात एक पाहतो आणि छोट्यात दुसरी, मग त्याला काहीतरी खटकते पण काय ते सांगता येत नाही. सव्वा अंशाच्या कलासाठी ती किंमत देऊ नये. आणि छोट्या नकाशांचे प्रमाणही एकच ठेवा, कोकण छोटे दिसले तर दिसू दे. नकाशे चौकटीत भरायचे म्हणून कोकण विदर्भाएवढे फुगवलेले मी पाहिले आहे. तिथे प्रक्षेपणाची सगळी मेहनत पाण्यात.

अरबट_चरबट

सीमेचं कुणी बोललं नाही. परदेशी संकेतस्थळांवरच्या फाइलींत काश्मीर नियंत्रण रेषेवर आणि अक्साई चीन प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर कापलेले असतात. भारताची बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे नसलेला नकाशा छापणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. प्रक्षेपण आल्बर्स, पण सीमा चुकीची, असं नको व्हायला.

शाईचा_डाग

सीमा विभागाच्याच फाइलीची घेतली आहे, ती चिंता नाही.

संपादकांना नवा नमुना दाखवला. म्हणाले, "हा शाळेतल्यासारखाच दिसतो की!" लेखिकाही खूश. फक्त संपादकांची एक अट: ८२°३०' ची रेघ, ती मिर्झापूरची प्रमाणवेळेची, सरळ उभी दिसली पाहिजे. ८० मध्य घेतल्याने ती किंचित तिरकी येते.

भूगोलाच्या_बाई

मग ८२°३०' लाच मध्य करा, काही बिघडत नाही. ६८°७' ते ९७°२५' चा खरा मध्य ८२.७५ च्या आसपास आहे. गुजरात अंशभर जास्त कलेल, अरुणाचल अंशभर कमी. क्षेत्रफळाला त्याने धक्का लागत नाही. पाठ्यपुस्तकात ती रेघ उभी असते, मुलांना बरे पडेल.

त्रिकोणमिती

मला ८० आवडते, पण बाईंशी वाद नाही.

शाईचा_डाग

८२°३०' फायनल. शेवटचा प्रश्न. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप चौकटीत वेगळे काढू का?

ऱ्हाइनकाठचा

अंदमान नको. ते ९२-९४ पूर्वेला, अरुणाचलच्या टोकापेक्षा पश्चिमेलाच, नकाशाच्या चौकटीत आपोआप बसतात. खरी जागा असताना उचलून बंगालच्या उपसागरात दुसरीकडे का ठेवायचे? लक्षद्वीपची गोष्ट वेगळी. अख्खा प्रदेश ३२ चौरस किलोमीटर. २० सेंमी रुंद नकाशाचे प्रमाण साधारण दीड कोटीला एक, त्यावर सगळी बेटे मिळून अर्ध्या मिलिमीटरचा चौकोनही होत नाही. त्यांना एक तर रंगीत वर्तुळ द्या, नाहीतर चौकट काढून आत वेगळी मापपट्टी द्या. ती मापपट्टी विसरू नका, बहुतेक नकाशांत नेमकी तीच नसते.

कोडकोंबडा

वर्तुळ द्या. वेबवर माऊस नेला की आकडा दिसेल. एसव्हीजीचं मी बघतो, फाइली पाठवा.